दार उघडे ठेवू का?

दवाखान्यात ‘घाबरू नका’ हे दोन शब्द जितक्या वेळा उच्चारले जातात, तितके ते दुसरीकडे कुठे उच्चारले जात असतील असे मला वाटत नाही. सुई टोचताना घाबरू नका, दाढ काढताना घाबरू नका, ऑपरेशनच्या कागदावर सही घेताना घाबरू नका! आणि गंमत अशी की, हे शब्द ऐकून कुणाची भीती कमी झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. उलट, तोवर स्वस्थ बसलेला माणूसही मनात म्हणतो, ‘म्हणजे घाबरण्यासारखे काहीतरी आहे खास!’

आमच्या ह्यांचेच पाहा ना. बँकेत चाळीस माणसांवर अंमल चालवलेले हे गृहस्थ दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले की, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात असे काही आवळून धरतात की बोटे पांढरीफटक पडावीत. सात-आठ वर्षांचे असताना गावच्या डॉक्टरांनी दोन माणसांकडून त्यांचे हातपाय धरवून दाढ उपटली होती. त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. दाढ गेली, डॉक्टर गेले, ते गावही सुटले. भीती तेवढी राहिली. नातवंडे त्यांना हसतात. मला मात्र हसू येत नाही. ह्या अशा भीतीबरोबरच माझे नोकरीतले आयुष्य गेले आहे.

मी पेशाने परिचारिका. अठ्ठावीस वर्षे सरकारी आरोग्य खात्यात काढली आणि त्यातली बहुतेक शहापूर व मुरबाड ह्या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत. पहाटे डोंबिवलीहून कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचे, आणि तिथून जीप किंवा एसटी मिळेल तशी पुढे. मुरबाडला बदली झाली तेव्हा कल्याणहून माळशेजच्या वाटेची एसटी. मुंबईकर वाचकांना शहापूर ठाऊक नसेल कदाचित, पण त्यांच्या घरच्या नळाला ते पक्के ठाऊक आहे. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे त्याच तालुक्यातली. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असतात, हेही जाता जाता सांगून ठेवते.

ह्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांतला कातकरी सगळ्यांत गरीब. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढायचा, म्हणून तो कातकरी. जंगल तुटले, काताचा धंदा गेला, आणि जमीन तर बहुतेकांकडे कधी नव्हतीच. आपल्याकडे दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात, तोच त्यांच्या वाड्या रिकाम्या होऊ लागतात. नवरा, बायको, पोरे, कोंबड्या, भांडी अशी सगळी बिऱ्हाडे ट्रकमध्ये चढतात आणि भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी मालकाकडून बयाणा घेतलेला असतो. तो फेडायला जायचे. तो फिटतोच असे नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनेने ह्याच जिल्ह्यात १९८२ पासून त्यासाठी लढा दिला. तरी बयाण्याचा फास पुरता सुटलेला नाही.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आमच्या दवाखान्यात भट्टीवरून परतलेली एक कातकरी मुलगी आली. एकोणीस-वीस वर्षांची, आठवा महिना लागलेला. पाय सुजलेले, डोके दुखतेय म्हणत होती. बरोबर तिची नणंद. रक्तदाब मोजला तर भलताच चढलेला. ह्या अवस्थेत झटके येऊन बाई आणि मूल दोन्ही जाऊ शकतात, हे आम्हांला शिकवलेले. तातडीने तपासायला हवे होते. डॉक्टर तरुण होते आणि मनाने चांगले होते. पण बाहेर रोग्यांची रांग लागलेली. त्यांनी तिला टेबलावर झोपायला सांगितले. मावशीने, त्या पोरीच्या अब्रूची काळजी म्हणूनच, नणंदेला बाहेर काढले आणि दाराला कडी घातली.

आणि ती पोर भिंतीला चिकटून उभी राहिली. काही केल्या हलेना, बोलेना. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका, काही होत नाही.” मावशी म्हणाली, “अगं, सगळ्याच बायका झोपतात, तू काय जगावेगळी आहेस?” मग आवाज चढले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेवटी डॉक्टरांनी वैतागून केसपेपरवर लिहायला घेतले, ‘पेशंट सहकार्य करीत नाही’.

आमच्या मोठ्या सिस्टर तेव्हा आत आल्या. निवृत्तीला आलेल्या, अंगाने स्थूल, चालताना धापा टाकणाऱ्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसते तिच्याकडे पाहिले. ती टेबलाकडे पाहत नव्हती, डॉक्टरांकडेही पाहत नव्हती. ती दाराच्या कडीकडे पाहत होती. सिस्टर एका स्टुलावर बसल्या, म्हणजे तिच्याहून खाली, आणि म्हणाल्या, “बाय, दार उघडं ठेवू का?”

कितीतरी वेळाने तिच्या तोंडून शब्द फुटला. “उघडंच राहू दे.”

दार उघडले. पडदा मात्र ओढून घेतला. नणंदेला आत बोलावून तिच्या उशाशी उभे केले. मग सिस्टर एकेक गोष्ट आधी सांगत गेल्या आणि मग करत गेल्या. “आता पोटावर हात ठेवते. थंड लागेल. थांब म्हणालीस की थांबेन.” एकदा ती ‘थांब’ म्हणाली आणि सिस्टर खरोखरच थांबल्या. मला वाटते, त्या थांबण्यानेच काम केले. सात मिनिटांत तपासणी झाली, इंजेक्शन दिले, गाडीची सोय झाली, आणि ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात ती सुखरूप बाळंत झाली.

काय झाले होते हे सिस्टरनी तिला एका शब्दाने विचारले नाही. पुढे कधीतरी नणंदेकडूनच कळले. तापाने फणफणलेला नवरा भट्टीवरून पळून घरी आला, तेव्हा तो परत येईपर्यंत मुकादमाने हिला दोन रात्री अवजारांच्या खोलीत कडी लावून कोंडले होते. आणखी काय झाले ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तिच्यावर नीट उपचार करायला ती हकीकत कळण्याची गरजच नव्हती. बंद दाराचे तिला भय आहे, एवढे ओळखले की पुरे होते.

सिस्टर सातवी पास होऊन नर्सिंगला आलेल्या जुन्या पिढीतल्या. पण त्यांनी जे केले त्याला जगाने आता एक भारदस्त नाव दिले आहे. ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ म्हणतात. आपण ‘आघाताचे भान ठेवून केलेली शुश्रूषा’ म्हणू. अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. फेलिटी नावाचे एक डॉक्टर लठ्ठपणा कमी करण्याचे केंद्र चालवीत. चांगले वजन उतरू लागलेली माणसेच मध्येच उपचार सोडून जातात, हे पाहून ते चक्रावले. चौकशी केली तेव्हा त्यांतल्या पुष्कळांवर लहानपणी अत्याचार झाल्याचे बाहेर आले. मग त्यांनी आणि डॉ. अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. तिचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणी जितक्या अधिक प्रकारचे आघात, तितके पुढे हृदयविकारासारखे आजारही अधिक, असे तिच्यात दिसले. मनाचा घाव मनातच राहत नाही, शरीरात उतरतो, हे त्यामुळे डॉक्टरांना मान्य करावे लागले.

शरीराची रीत मोठी विलक्षण आहे. संकट आले की माणूस लढतो, नाहीतर पळतो. आणि दोन्ही जमणार नसेल तर थिजतो. संकट टळल्यावरही शरीर त्याच्या खुणा विसरत नाही. कडीचा आवाज, औषधाचा वास, अंगावर पडलेली पुरुषाची सावली, एवढेही पुरते. थिजलेली बाई काही बोलत नाही म्हणून आपण समजतो की तिची हरकत नाही. पण गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे.

तुम्ही म्हणाल, अडाणी लोकांना दवाखान्याचे भय असायचेच. पण हे भय अडाणीपणातून येते हेच मला पटत नाही. भयालाही इतिहास असतो. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सोजीर घराघरांत शिरले, माणसे हुडकून काढून नेली, बायकांच्या तपासणीवरून गहजब झाला, आणि रँडसाहेबाच्या खुनापर्यंत गोष्ट गेली. पुण्यातले ते लोक काही अडाणी नव्हते! आणीबाणीत नसबंदीसाठी माणसे कशी गोळा केली जात, हे सांगणारी म्हातारी माणसे मला पाड्यापाड्यावर भेटली. १९७६ मध्ये तर आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. सरकारी गाडी दिसली की रानात पळणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला काहीतरी आठवत असते.

ह्या बाबतीत आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. घरात मार खाऊन येणारी बाई पोलिसांत जाण्याआधी दवाखान्यात येते. “जिन्यावरून पडले” असे सांगते, मलमपट्टी करून घेते आणि निघून जाते. तिला तिथेच कुणीतरी एकांतात, दोष न देता विचारावे, म्हणून ही खटपट. पुढे २०१४ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने अत्याचार झालेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी कसे तपासावे याचे नियम घालून दिले. प्रत्येक पायरीला तिची संमती घ्यावी, ती नको म्हणाली तरी उपचार नाकारू नयेत, आणि ‘टू फिंगर टेस्ट’ नावाची ती लाजिरवाणी तपासणी करूच नये. तरीही ती चालूच राहिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली बजावावे लागले की, अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

पण नियम कागदावर असतो आणि कडी दाराला असते. ती काढायचे काम शेवटी तिथल्या माणसाचेच. नव्या मुली माझ्या हाताखाली आल्या की मी त्यांना साध्या गोष्टी सांगत असे. रोग्याला नावाने हाक मारा. तो निजलेला असेल तर त्याच्या डोक्यावर उभ्या राहून बोलू नका. मागून हात लावू नका. काय करणार ते आधी सांगा. थांब म्हटले तर थांबा. पाचव्या बाळंतपणाला आलेल्या बाईला “एवढी कशाला काढलीस?” असे चार माणसांत विचारू नका. आणि ‘सहकार्य करीत नाही’ असे लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारा, ‘हिला कशाचे भय वाटत असेल?’

“बाई, रोजचे शंभर पेशंट, एवढा वेळ कुठून आणायचा?” असे त्या म्हणत, आणि त्यात काही खोटे नव्हते. माणसे कमी, औषधे संपलेली, रात्रीची पाळी करून आलेली मुलगी कुठवर गोड बोलणार? तिचीही विचारपूस कुणीतरी करायला हवीच. पण वेळेचा हिशेब मी त्या दिवशी पाहिला होता. ओरडण्यात दहा मिनिटे फुकट गेली. विचारून काम केले तेव्हा सात पुरली.

आणि हे सारे आदिवासी पाड्यांपुरतेच आहे, असे कुणी समजू नये. शहरातल्या चांगल्या शिकलेल्या बायकाही प्रसूतिगृहातले बोलणे आणि चापटी वर्षानुवर्षे विसरत नाहीत. मुलाचा वाढदिवस आला की त्यांना तेही आठवते. बाळंतिणीजवळ तिच्या ओळखीची एक बाई राहू द्यावी, अशी परवानगी सरकारी रुग्णालयांना २०१६ साली मिळाली. आपल्या सिस्टर नणंदेला उशाशी उभी करीत होत्या, त्याला आता सरकारी मान्यता आहे! तुम्ही डॉक्टरांकडे गेलात आणि ते न सांगता काही करू लागले, तर “आधी सांगा, डॉक्टर” असे म्हणायला संकोचू नका. तुम्ही म्हणालात की, मागून येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या बाईची वाट थोडी मोकळी होईल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वाड्यांवरची बिऱ्हाडे बांधली जात असतील. त्यांत कुणी गरोदर बाई असेलच. आशाताईने दिलेले तपासणीचे कार्ड ती पिशवीत घालील, पिशवी बोचक्यात, आणि बोचके ट्रकमध्ये. भट्टीजवळचा दवाखाना तिला अनोळखी, तिथली नर्सही अनोळखी. दिवस भरत आल्यावर ती त्या पायऱ्या चढेल की झोपडीतच कळा सोशील, हे त्या कार्डावर लिहिलेले नसते. मागल्या खेपेला तिच्याशी कोण कसे वागले, ह्यावर ते ठरते.