ड्रॉवरमधली कडक भाकरी

स्वतःची कंपनी काढली आणि पहिली सुट्टी मिळाली ती जेवणाच्या वेळेला. दुपारी वडापाव, रात्री रिलीजच्या गडबडीत पिझ्झा... शेवटी रिपोर्टात एचबीएवनसी ६.१ आला. डायबेटिसची रेषा ६.५ला, म्हणजे अगदी काठावर!

दिवाळीत वळसंगला गेलो, तर मावशीने पिशवी भरून कडक भाकरी दिली. पातळ थापून पार कोरडी होईपर्यंत भाजलेली ज्वारीची भाकरी. ओल लागू दिली नाही तर कित्येक आठवडे टिकते. सोबत उखळात कुटलेली शेंगा चटणी. ज्वारी अर्थात मालदांडी. तिचा एम ३५-१ हा वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळचा!

आता दुपारी दीडला लॅपटॉप बंद. भाकरी दह्यात चुरायची म्हणजे हात बरबटतात, कीबोर्डला शिवताच येत नाही. घाई केली की मावशी आठवते, "चावून खा की रे, कुठं पळून चाललीय?"

तीन महिन्यांनी आकडा ५.८. ज्वारीतही पिष्ट असतंच, त्यामुळे श्रेय भाकरीचं की त्या वीस मिनिटांचं, ठाऊक नाही. तूर्तास दोन्ही चालू ठेवलंय.

असो. तिसरी पिशवी संपत आलीय, म्हणजे वळसंगची चक्कर आलीच :-)