दोन पुस्तकं, एक मैत्री

फैजपूर, रविवार

केळीला पाणी देऊन आलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून दुपारभर पत्रं वाचत बसलो. कथाकार जी. ए. कुलकर्णींनी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली पत्रं जी.एं.च्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडात आहेत. सुनीताबाईंची पत्रं ‘प्रिय जी. ए.’मध्ये, २००३ साली आलेली. जी.ए. १९८७ मध्येच गेले होते.

दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडी ठेवायची, तारखा लावायच्या. एका पुस्तकातलं बोट न काढता दुसऱ्यातलं उत्तर शोधायचं. मधूनच एखाद्या पत्राचं उत्तर सापडत नाही, मग ते आपणच मनात रचू लागतो. यातला आनंद कादंबरीत नाही.

धारवाडात माणसांपासून लांब राहणारे जी.ए. इथे भरभरून बोलतात. सुनीताबाई आणि त्यांचे पती पु. ल. देशपांडे यांच्या घरात सदा माणसांचा राबता. त्यातून वेळ काढून सुनीताबाई सविस्तर लिहितात. ‘काजळमाया’ हा कथासंग्रह लिहिणारा माणूसही कुणीतरी आपल्याला नीट वाचावं म्हणून आसुसलेला असतो, हे या पत्रांनी मला शिकवलं. रोजच्या भेटीगाठींवाचूनही मैत्री वाढते. एकमेकांचं लिहिणं मनापासून वाचणारी दोन माणसं तेवढी हवीत.