आईच्या नावाचा रकाना

वाचन : एज्रा २:५९-६३, यशया ४९:१४-१६



माझी आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती पडली, तेव्हापासून खाटेवरच आहे. एके दिवशी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती म्हणाली, “तू वर्गात मुलांना शिकवतेस ना, की वर गेल्यावर आपली सगळी माणसं भेटतील? मग आजोबांच्या आईला मी ओळखू कशी? तिचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.”

धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी असा प्रश्न विचारला तर माझ्याकडे उत्तर तयार असते. त्या दिवशी नव्हते.

आत्याचे आजोबा म्हणजे माझे पणजोबा. १८९९-१९०० चा जो मोठा दुष्काळ पडला, तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून लोक त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. त्या दुष्काळात पणजोबा रेल्वेच्या रुळाकाठी एकटे सापडले. वय असेल पाच-सहा वर्षांचे. मिशनच्या अनाथगृहात ते वाढले आणि पुढे बऱ्हाणपूरला येऊन ताप्ती मिलमध्ये कामाला लागले. आमची वंशावळ इथे सुरू होते. त्याच्या मागे काही नाही.

आपल्या मंडळ्यांतल्या पुष्कळ घराण्यांची गोष्ट अशीच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्या या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुलींना घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ति मिशनची सुरुवात त्या मुलींपासून झाली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. पोरके होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

तरी एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. आत्यासाठी शोध घेते आहे असे मी सर्वांना सांगत होते, पण मनात दुसरेच होते. लहानपणी शाळेत एका मुलीने मला म्हटले होते, “तुम्ही पोटासाठी बाटलेले.” घरी येऊन मी वडिलांना विचारले. ते काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. तेव्हापासून मला एखादे गाव हवे होते, एखादे आडनाव, एखादे चांगले घराणे, म्हणजे आमचेही मूळ आहे असे कोणालातरी दाखवता आले असते.

आत्याच्या नातवाने मोबाईलवर पाहिले होते की इंग्लंडमध्ये १९२१ च्या जनगणनेची घरोघरची पाने २०२२ साली लोकांसाठी खुली झाली. अमेरिकेत १९५० ची पानेही त्याच वर्षी खुली झाली. तिथली माणसे पणजोबांचे घर, त्यांचा धंदा, शेजारीपाजारी, सगळे घरबसल्या वाचतात. आपल्याकडेही १ मार्च १९०१ च्या रात्री शिरगणती झाली होती. गणनेचे लोक घरोघर गेले, सराया आणि रेल्वे स्टेशनेही त्यांनी सोडली नाहीत. मग आमचा तो मुलगाही कुठेतरी लिहिला गेला असेलच, असे आम्हाला वाटले.

लिहिला गेला असेलही. पण आपल्याकडे नावांची ती पाने आकडे काढून झाल्यावर जपून ठेवली गेली नाहीत. उरले ते छापील तक्ते. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा झाला, त्यानुसार पुढच्या गणनांच्या नोंदीही कोणाला उघडून पाहता येत नाहीत. १९०१ साली बऱ्हाणपूर शहरात ३३,३४१ माणसे होती हे तक्त्यात आहे, नाव मात्र एकाचेही नाही. मध्य प्रांताच्या इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्यांत १८९१ पेक्षा सुमारे नऊ लाख माणसे कमी भरली. पणजोबांची आई कदाचित त्या नऊ लाखांत असेल.

आणखी एक गोष्ट वाचून मी थांबले. घरातल्या बाईचे नाव सांगायला कोणी तयार नसेल, तर त्या जागी नुसते ‘स्त्री’ असे लिहायची त्या काळी मुभा होती. म्हणजे पाने राहिली असती तरी कितीतरी आया तिथे सापडल्या नसत्या.

आपल्याच शहराकडे पाहा. तापीपलीकडे जैनाबादला मुमताज महलला पहिल्यांदा पुरले होते. तिच्या मृत्यूचे १६३१ हे साल शाळेतल्या पोरालाही पाठ असते. आमच्या त्या बाईचे ना साल, ना माती.

शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी सुचवले, “बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहिलीत का?” निमाडातल्याच एका जुन्या मंडळीच्या कपाटात ती वही होती, कडा वाळवीने खाल्लेल्या. १९०१ च्या पानांवर एकाखाली एक दुष्काळातली मुले. रकाने इंग्रजीत छापलेले आणि इंग्रजीतच भरलेले. पणजोबांचे नाव सापडले, मिशनने दिलेले. बापाच्या नावापुढे लिहिले होते, ठाऊक नाही. आईच्या नावापुढे मात्र बाळबोध अक्षरांत एकच शब्द होता : माय.

आमच्या या निमाड-खानदेश-वऱ्हाडाच्या पट्ट्यात आईला माय म्हणतात. कोणीतरी त्या पोराला विचारले असेल, “तुझ्या आईचं नाव काय रे?” आणि त्याला ठाऊक होते तेवढे त्याने सांगितले. लिहिणाऱ्याला इथेही ‘ठाऊक नाही’ लिहून मोकळे होता आले असते. त्याने तसे केले नाही. पोराने सांगितले ते त्याने पोराच्याच भाषेत लिहून ठेवले. तो कोण होता, ते वहीत नाही. माझ्यासारखाच कोणी मंडळीचा सेवक असावा.

मी शोधत होते ते घराणे मला मिळाले नाही. घरी येऊन एज्राचा दुसरा अध्याय काढला. बाबेलच्या बंदिवासातून परत येणाऱ्यांची ती यादी आहे. नुसती नावे आणि आकडे म्हणून आपण ती वाचताना नेहमी पाने उलटतो. त्यात दलाया, तोबीया आणि नकोदा यांचे ६५२ वंशज आहेत. आपण कोणत्या बापाच्या घराण्याचे, हे त्यांना दाखवता आले नाही. पुढे काही याजकांचेही तसेच झाले. वंशावळीत शोधूनही नाव सापडले नाही, म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले. हे दुःख किती जुने आहे! पण त्या ६५२ जणांना कोणी बाबेलात सोडून आले नाही. कागद नसतानाही ते सर्वांबरोबर यरुशलेमेच्या वाटेला लागले, आणि पवित्र शास्त्राने त्यांची संख्या लिहून ठेवली.

यशयाच्या द्वारे परमेश्वर सांगतो की आई एक वेळ आपल्या तान्ह्याला विसरेल, पण तो विसरणार नाही. आपण त्याच्या तळहातावर कोरलेले आहोत. त्या तळहाताला वाळवी लागत नाही. आणि पोटासाठी म्हणाल, तर उपाशी लोकांना आधी बसवून भाकरी वाढणारा आपला प्रभूच होता. रुळाकाठच्या पोराला कोणी जेवू घातले याची मला आता लाज वाटत नाही.

आत्याला मी सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माय. बरं झालं. तिथं गेल्यावर मीही तिला मायच म्हणीन.”

आता माझ्या एका चुकीबद्दल. मागे एका पावरलूम कामगाराच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. कुटुंब बाहेरगावचे, मला घाईचे काम होते, आईच्या नावाचा रकाना मी ‘नंतर भरू’ म्हणून रिकामा ठेवला होता. वही पाहून आले त्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेले. बाळाच्या आईला नाव विचारले, आजीचेही विचारले. ती हसून म्हणाली, “आजीचं कशाला, दीदी?” मी म्हटले, “लागतं.”

तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर या आठवड्यात त्याच्याजवळ बसा. आजी, पणजी, त्यांची गावे विचारा आणि घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. नाव आठवत नसेल, तर त्यांना ज्या नावाने हाक मारत ते लिहा.

हे पित्या, ज्यांची नावे आम्ही हरवली ती तुला ठाऊक आहेत. आमच्या हाती दिलेली नावे आम्हाला नीट लिहायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.