चित्रकथीची पोथी
सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी ही हाताने रंगवलेल्या पोथीवर उभी राहणारी नाट्यकला आहे. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. आख्याने रामायण, महाभारत आणि पुराणांतली. पाने सुटी असतात, शिवलेली नसतात. पान साधारण फूटभर उंच आणि त्याहून थोडे रुंद. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असल्याने पानाच्या दोन्ही अंगांना प्रसंग असतो. कथा कथेकऱ्याला मुखोद्गत असते आणि पोथी दाखवण्यासाठी असते.

या कलेचे सारे गणित पानाच्या आकारावर बसलेले आहे. एवढे लहान चित्र लांबून नीट दिसत नाही, म्हणून श्रोत्यांना पुढे सरकून बसावे लागते. याच सिंधुदुर्गातला दशावतार देवळाचा सभामंडप दणाणून सोडतो. चित्रकथीला घराची ओटीसुद्धा पुरते. कथेकऱ्याला समोरचा प्रत्येक चेहरा दिसतो. कोणाचे डोळे पाणावले, कोणाचे लक्ष उडाले, हे त्याला तत्काळ कळते आणि त्याप्रमाणे निरूपण लांबते किंवा आटोपते. श्रोत्यांचा सहभाग तो हाच.

सादरीकरणात पान फळीला टेकवून उभे करतात. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने पद गायले जाते, मग बोलण्यातून प्रसंग उलगडतो. चित्रांतले चेहरे बहुधा एका बाजूने रेखाटलेले, डोळे मोठे. दोन व्यक्ती समोरासमोर उभ्या असल्या की संवाद चित्रातच मांडून ठेवलेला असतो. कथेकऱ्याचे बोट एकीवरून दुसरीवर सरकते आणि त्यासरशी आवाज बदलतो. या आकृत्यांचे चामड्याच्या छायाबाहुल्यांशी साम्य आहे. त्यात नवल नाही, कारण छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्याही हाच समाज नाचवतो.

खरा अभिनय पान उलटण्यात आहे. सीताहरणाचेच घ्या. एका अंगाला भिक्षा मागणारा गोसावी आणि दुसऱ्या अंगाला दहा तोंडांचा रावण, अशी चित्रे असली तर मधला तो एक क्षण कथेकऱ्याच्या मनगटात असतो. पान घाईने फिरवले तर धसका बसत नाही. फार वेळ धरून ठेवले तर श्रोता पुढचे आधीच ओळखतो. गळा गोड असूनही हे जमत नसेल तर आख्यान रंगत नाही. कथा अर्धवट सोडणे अशुभ मानतात, त्यामुळे पोथी उघडली की शेवटच्या पानापर्यंत जावे लागते.

सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता. तो गेल्यावर परंपरा क्षीण झाली. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांनी 1977 साली ‘चित्रकथी’ हा लघुपट केला. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या पैठण शैलीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. जतनाच्या या कामाचे मोल मोठे आहे. जुने कागद टिकले म्हणून तर नव्या हातांना नमुने मिळाले.

तरीही पान चौकटीत बसवले की त्याचे दुसरे अंग भिंतीकडे जाते. अर्धी कथा तिथेच झाकली जाते आणि उलटण्याची क्रिया संपते. भिंतीवरच्या सुट्या चित्राने ही कला माहीत होते, पण जगत नाही. तिला समोर बसणारी माणसे लागतात. पिंगुळीला जाणाऱ्याने चित्र जरूर विकत घ्यावे. त्याआधी मात्र एक आख्यान सांगण्याची विनंती करावी, त्याची बिदागी द्यावी आणि शेवटचे पान खाली ठेवले जाईपर्यंत जागचे उठू नये.