उतार कोणता धरायचा?

आमच्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातले मूल गणित तीन भाषांत शिकते. घरी बेरीज-वजाबाकी, शाळेत जोड़-घटाव आणि बारावीनंतर नागपूरला गेले की सगळेच इंग्रजीत. घरी ज्याला अपूर्णांक म्हणतात त्याला आमचे हिंदी पुस्तक ‘भिन्न’ म्हणते. मराठीत भिन्न म्हणजे वेगळे. त्यामुळे पाचवीतल्या मुलाला वाटते, वेगवेगळ्या वस्तूंची बेरीज करायची आहे. आणि गंमत अशी, की समच्छेद करण्यापूर्वी खरोखर तसेच असते! १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचे तालुके मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून इकडचे मूल कुठेही अडले की सगळ्यांचे बोट आधी भाषेकडे जाते.

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी नागपूरला इंजिनिअरिंगला गेली. बोरगावात औद्योगिक वसाहत आहे, रेमंडसारखा कारखाना आहे. तिथे इंजिनिअर म्हणून आपली पोरगी आत जाईल, एवढेच तिच्या बापाचे स्वप्न. पहिल्या वर्षी गणिताच्या दुसऱ्या पेपरात ती राहिली. पुन्हा दिला, पुन्हा राहिली. दिवाळीच्या सुट्टीत बाप तिला घेऊन माझ्याकडे आला. निर्णय त्याने बसस्टँडवरच घेतलेला दिसत होता. म्हणाला, “सर, इंग्रजी तिले जमत नाही. सौंसरलेच बी.ए.ले टाकून देतो.” मुलगी खाली मान घालून बसली होती. वही उघडायला सांगितली तर वहीतले इंग्रजी स्वच्छ होते. मी विचारले, अडते कुठे? तेव्हा तिने मान वर केली. “सर, एक्स पण बदलून राह्यला, वाय पण बदलून राह्यला. मंग उतार कोणता धरायचा?”

हा प्रश्न इंग्रजीचा नव्हता. शाळेत आम्ही उतार शिकवतो तो एका रेषेचा किंवा एका वक्राचा. कागदावर वक्र काढायचा, एका बिंदूला स्पर्शिका काढायची, तिचा कल मोजायचा. उजवीकडे जायचे की डावीकडे, एवढेच स्वातंत्र्य. पण उंची एका संख्येवर नव्हे, दोन संख्यांवर अवलंबून असेल, म्हणजे पूर्वेकडे किती गेलो आणि उत्तरेकडे किती गेलो यावर, तर त्या बिंदूपासून जायला वाटा अनंत आणि प्रत्येक वाटेचा उतार निराळा. मुलीने नेमके तेच विचारले होते. तिला मिळालेले उत्तर होते एक चिन्ह : वाकडा डी.

मी बी.एस्सी.ला गणित घेतले होते, एम.ए. मात्र मराठीत. वाकड्या डीची माझी ओळख पस्तीस वर्षांपूर्वीची, आणि परीक्षेपुरती. तिला उद्यापासून शिकवायचे तर आधी आपण पुन्हा विद्यार्थी व्हावे, असे ठरवून जानेवारीत नाव घातले. आयआयटी आणि बंगलोरची विज्ञान संस्था मिळून चालवतात तो ‘एनपीटीईएल’ नावाचा उपक्रम २००३ पासून आहे. त्यात अनेक चलांच्या कलनाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रुरकीच्या आयआयटीतल्या प्राध्यापकांनी शिकवलेला आहे. घरबसल्या शिकायला फी नाही. परीक्षा द्यायची तर हजार रुपये. दर आठवड्याला गृहपाठ, त्याला पंचवीस गुण. शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा, तिला पंच्याहत्तर. स्टाफरूममध्ये हसाहशी झाली. निवृत्तीचे कागद जुळवायच्या वयात सर गृहपाठ करतात, याची बातमी मुलांपर्यंत पोचली आणि एका दहावीच्या पोराने “सर, तुमचा होमवर्क झाला?” असे विचारून घेतले. त्याला रागावण्याचा अधिकार मला नव्हता.

भाषेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण कलनातल्या शब्दांपुरते सांगायचे तर हिंदीत ‘अवकलन’ आणि ‘समाकलन’ म्हणतात, आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदीचे नावही ‘अवकलन व समाकलन’ असेच आहे. इथे तरी सीमेवर नाका नाही. आणि या वाटेने आपली माणसे फार पूर्वी गेलेली आहेत. बापूदेव शास्त्री हे जन्माने मराठी, १८२१ चे. नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकले. १८३८ च्या सुमारास विल्किन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची हुशारी पाहून त्यांना सिहोरला नेले. म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातच. तिथून १८४२ साली ते काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले, आणि १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीत असे मांडले, की ग्रहाची तात्कालिक गती काढणाऱ्या भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व ठाऊक होते. संस्कृत, मराठी, हिंदी, इंग्रजी, चारही एका माणसात. आमच्या पोरांना तीनच लागतात.

मुलगी दर रविवारी नागपूरहून बसने यायची. पहिल्या रविवारी आम्ही वहीला हात लावला नाही. गावाबाहेरच्या एका वावरात गेलो. जमीन एका बाजूला कललेली. समजा, पूर्वेकडे शंभर फूट गेले की तीन फूट चढ लागतो आणि उत्तरेकडे शंभर फूट गेले की चार फूट. वाकड्या डीचे हे दोन आंशिक अवकलज : एकात उत्तर-दक्षिण हलायचे नाही, दुसऱ्यात पूर्व-पश्चिम हलायचे नाही. मुलांना वाटते, उतार दोनच. पण तिरपे निघालो तर? पूर्वेला तीन पावले आणि उत्तरेला चार पावले, या बेताने जो तिरपा जाईल त्याला शंभर फुटांना पाच फूट चढ लागेल, आणि याहून खडी वाट त्या वावरात नाही. तीन, चार, पाच : पायथागोरस आला. हा जो बाण निघाला तोच ‘ग्रेडियंट’. क्ष आणि य यांचे दोन तुटक उतार त्यात एकत्र बांधले गेले.

आता पूर्वेला चार पावले आणि दक्षिणेला तीन पावले चाला. पूर्वेकडची चार तुम्हाला चार त्रिक बारा इतके वर नेतात, दक्षिणेकडची तीन तीन चोक बारा इतके खाली आणतात. बेरीज शून्य. म्हणजे चालूनही तुम्ही उंचीने जिथल्या तिथे. ही समपातळीची रेषा, आणि ती त्या बाणाशी काटकोनात आहे. मुलीने कागदावर ताडून पाहिले आणि गप्प झाली. बांधावर बसलेल्या शेतकरी काकांना आमचे पावले मोजणे बघवेना. गवंड्यांकडे असते तशा पाण्याच्या नळीने त्यांनी मागच्याच वर्षी त्या वावरात रेषा आखल्या होत्या. म्हणाले, “उताराले आडवं पेरलं तं पाणी थांबते. उभं पेरलं तं माती घेऊन जाते. यात मोजाचं काय हाय?” मी मुलीला म्हटले, हे जे ‘उभं’ आहे ना, तो ग्रेडियंट, ‘आडवं’ म्हणजे समपातळी. क्रमिक पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण याच दोन शब्दांचे आहे.

पुढचे प्रकरण आम्हाला रेल्वेने शिकवले. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर, छिंदवाडा सुमारे ६७५. मधे सातपुडा. अडीच फुटी रुळांची आमची नॅरोगेज २०१५ साली बंद झाली. पण रामाकोना सोडून भिमालगोंडीकडे चढताना ती कशी वळसे घेत जायची हे माझ्या पिढीच्या अंगात आहे. डबे जोडलेले इंजिन खडा चढ ओढू शकत नाही, म्हणून सरळ ‘उभे’ जायचे नाही. सर्वांत खड्या दिशेपासून साठ अंश तिरपे निघा, चढ बरोबर निम्मा होतो, कारण साठ अंशांची कोज्या एक द्वितीयांश. वाट लांबते, चढ मरतो. दिशिक अवकलज म्हणजे याहून जास्त काही नाही. बैलगाडी हाकणाऱ्याला हे कोज्येशिवाय कळते. रूळ टाकणाऱ्याला मात्र कोज्या लागते, कारण त्याला चूक परवडत नाही.

खिंडीवर आम्ही एक अख्खा रविवार घालवला आणि तो मला सर्वांत आवडला. खिंडीच्या माथ्यावर उभे राहिलो तर पायाखालची जमीन क्षणभर सपाट; दोन्ही आंशिक अवकलज शून्य. शाळेतल्या सवयीने मुले लिहितात : शून्य आहे, म्हणजे शिखर किंवा तळ. पण रस्त्याने आलेल्या माणसाला ती जागा सर्वांत उंच, आणि डोंगराच्या कण्यावरून आलेल्याला तीच सर्वांत खोल. इंग्रजीत तिला खोगिराचे नाव दिले आहे. मला ‘खिंड’ अधिक चांगले वाटते. घोडा न पाहिलेल्या मुलालाही समजते. दुसऱ्या अवकलजांची जी कसोटी आहे, दोन शुद्ध घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून मिश्राचा वर्ग वजा करायचा, तिचे उत्तर ऋण आले की समजावे, आपण खिंडीत आहोत. मुलगी म्हणाली, हे सूत्र तिला पाठ होते. ते कशाला विचारतात हे ठाऊक नव्हते.

माझी परीक्षा नागपूरला झाली. हॉलमध्ये माझ्या वयाचे दुसरे कोणी नव्हते; पर्यवेक्षकाने मला पालक समजून बाहेर बसायला सांगितले. एकसष्ट गुण पडले. मुलीची उन्हाळी परीक्षा त्यानंतर महिन्याने होती आणि बापाने मुदत तेवढीच दिली होती. निकाल लागला त्या दिवशी तिचा फोन आला नाही, म्हणून मी समजायचे ते समजलो. संध्याकाळी बाप स्वतः आला. पेपर निघाला होता, काठावर. तो बसला, चहा घेतला आणि बी.ए.चा विषय न काढता गेला. तिला तिसऱ्या सत्रात पुन्हा गणित आहे.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यांत ग्रीनचा सिद्धांत येतो. जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा, भटारखाना आणि पवनचक्की चालवणाऱ्या बापाचा मुलगा. शाळा जेमतेम वर्षभर. १८२८ साली त्याने वर्गणीदार जमवून आपला निबंध छापला. केंब्रिजला विद्यार्थी म्हणून गेला तो १८३३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. १८४१ मध्ये वारला, तेव्हा त्याचे मोल फारसे कोणाला माहीत नव्हते. त्याच्या सिद्धांताचा एक अर्थ असा, की एखाद्या आकृतीच्या आत काय आहे याचा हिशेब तिच्या कडेने एक फेरी मारून करता येतो. क्षेत्रफळसुद्धा.

हे मी त्या शेतकरी काकांना सांगितले, कारण त्यांचा शेजाऱ्याशी धुऱ्यावरून जुना वाद आहे आणि पुतण्याने त्यांच्या मोबाइलमध्ये जमीन मोजायचे काहीतरी घालून दिले होते. मोबाइल हातात धरून ते धुऱ्याधुऱ्याने पूर्ण फेरी मारून आले. सुरुवातीच्या बाभळीशी पोचताच पडद्यावर एकराचा आकडा उमटला.

“आत न जाता कसं मोजलं जी यानं?”

मी ग्रीनची गोष्ट सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग विचारले, “मंग चक्कीचं काय केलं त्यानं?”

“बाप गेल्यावर भाड्यानं दिली.”

“मंग ठीक हाय,” काका म्हणाले, आणि आकडा पुन्हा एकदा बघून घ्यायला उलट्या दिशेने फेरी मारायला निघाले.