क्षणभराची जवळीक, नंतरची टोचणी आणि ७२ तास

भोसरी, चाकण, म्हाळुंगेच्या कंपन्यांत काम करणारे अनेक तरुण-तरुणी घरापासून दूर, कॉट बेसिसवर राहतात. बदलत्या शिफ्ट, एकटेपणा. अशात कुणाशी ओळख होते, जवळीक होते आणि दोन दिवसांत तो नंबर बंद होतो. मागे राहते ती टोचणी.

असे रुग्ण माझ्याकडे 'अशक्तपणा वाटतो' म्हणून येतात. खरं कारण निघताना, दाराजवळ थांबून सांगतात. तोवर बऱ्याचदा काही आठवडे उलटलेले असतात. म्हणून तुम्हाला सांगतो, पश्चात्ताप आणि आजाराचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोक्याचं आधी पाहा.

पहिले ७२ तास का महत्त्वाचे?

कंडोम वापरला नसेल किंवा फाटला असेल, तर एचआयव्ही टाळणारी औषधं (पीईपी) ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितकी लवकर, तितकी चांगली. गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतात. कोर्स २८ दिवसांचा असतो. नको असलेली गर्भधारणा टाळणारी गोळीही ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी. नंतर पाळी लांबली तर तपासणी करा.

चाचणी कधी करावी?

दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका. संसर्ग चाचणीत दिसायला वेळ लागतो. आता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करा. पीईपी घेतली असेल तर तारीख डॉक्टरांना विचारा. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचीही तपासणी करून घ्या. तोपर्यंत गावी जोडीदाराकडे गेलात तरी कंडोम वापरा. त्या व्यक्तीला यातलं काहीच माहीत नसतं.

तीन महिन्यांनंतरची चाचणी निगेटिव्ह आली आणि मध्ये नवा धोका झाला नसेल, तर तो विषय संपला. तरीही काहीजण दर महिन्याला लॅबमध्ये जातात. त्यांना छळत असतो तो अपराधीपणा, आणि त्याचं उत्तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडत नाही. मिठी मारल्याने किंवा एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, हेही लक्षात ठेवा.

कुठे जायचं?

पिंपरीचं वायसीएम किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. २०१७ च्या कायद्यानुसार तुमची संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणंही बेकायदा आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आणि मनाचं काय?

वाईट वाटणं हा आजार नाही. विश्वासातल्या एका माणसाशी बोललात तरी ते हलकं होतं. पण दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'असं का घडलं' याचं स्पष्टीकरण देत बसू नका. केव्हा घडलं, तेवढं आधी सांगा.