चिंचेने घासलेली शिवराई

आजीच्या कलशात सुपारीबरोबर एक शिवराई असायची. घटस्थापनेला तीच, सत्यनारायणाला तीच. पूजा उतरली की कलशातलं पाणी तुळशीला जायचं आणि शिवराई लाल फडक्यात. काळीसावळी, जाड, कडेला वेडीवाकडी. लहानपणी ती मला पैशापेक्षा नदीतल्या चपट्या गोट्यासारखी वाटायची. आजी गेली तेव्हा पाटल्यांची वाटणी झाली, हंडे-कळशांची झाली. शिवराई कुणी मागितली नाही, म्हणून ती फडक्यासकट माझ्याकडे आली.

1994 च्या दिवाळीत मी ती घासली. तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासायला काढली होती, त्यांच्या ढिगात तीही घेतली. काळा रंग चिंचेच्या चोथ्यात उतरला, बोटं काळी झाली, आणि खालून गुलाबी, कोरं तांबं वर आलं. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं इतकी लखलखली की आजी असती तर तसेच ओले हात घेऊन मी तिच्याकडे धावले असते. तिच्यासाठी काहीतरी केलं, असं मला मनापासून वाटलं होतं.

ती शिवराई दाखवायला मी प्रथम काकांकडे गेले. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. पुण्यात नाणी घेणारे-देणारे सगळेच त्यांना नुसतं काका म्हणतात. कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या माडीवर ते बसत. खाली आळीत मठारकाम चाललेलं असे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडण्याचा तो आवाज दिवसभर खिडकीतून वर येई. अजूनही मला जुनं नाणं हातात घेतलं की तो आवाज आठवतो. आणि ते योग्यच आहे, कारण शिवराईही अशीच हातोडीच्या घावाखाली जन्मलेली.

काकांनी ती कडेने उचलली. अंगठा आणि तर्जनी, चेहऱ्याला बोट न लावता. खिडकीकडे वळवली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“चिंच?”

“हो.”

“आणि मीठ.”

“हो.”

मग त्यांनी ती मखमलीच्या तुकड्यावर अलगद ठेवली. “ताई, घासाघीस करायची ती भावात. नाण्याच्या अंगावर नाही.”

रागावले नव्हते. त्यांना खरंच दुःख झालं होतं, आणि त्यामुळेच मला समजून घ्यावंसं वाटलं. हवा, ओल, माणसांचे घामट तळवे यांच्याशी जमवून घेत तांबं हळूहळू स्वतःवर एक कातडी चढवतं. ती घट्ट बसली की आतल्या धातूला जपते. नाणं घेणारा तांब्याचे पैसे देत नाही. अक्षरांचे देतो आणि या कातडीचे. चिंचेचं आम्ल कातडी खातं, आणि मीठ घालून घासताना अक्षरांच्या धारांवरूनही थोडं तांबं जातं. दोन-अडीचशे वर्षांत चढलेलं मी दोन मिनिटांत उतरवलं होतं. काकांनी ड्रॉवरमधून त्यांची एक शिवराई काढून शेजारी ठेवली. गडद, गुळगुळीत, पिकल्या जांभळासारखी. अक्षरं चमकत नव्हती, पण प्रत्येक अक्षर आपापल्या जागी शांत उभं होतं. ती मी त्याच दिवशी विकत घेतली. माझ्या संग्रहाची ती पहिली खरेदी.

पुढची कित्येक वर्षं मी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जात असे आणि तिथून काकांकडे. जुन्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या फडक्यावर कुलपं, पाने, तुटके कंदील यांच्या गर्दीत नाण्यांची एखादी चळत असते. त्यातली बरीचशी झारेकऱ्यांच्या हातून आलेली. सोनारांच्या आळीतली माती, घाटाखालची वाळू पाट्यापाट्यांनी धुऊन कण वेचणारी ही माणसं. कुणी गोदावरीत सोडलेला पैसा, कुणी कृष्णेत सोडलेला, त्यांच्या पाटीत वर येतो. माझ्या संग्रहातली निम्मी नाणी कुणाच्या तरी नवसाची असतील. ती हातात घेताना मी मनातल्या मनात हात जोडते.

शिवराईवर एका बाजूला तीन ओळी: श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन: छत्र, पति. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि हे नाव तांब्यावर उमटलं. पुढे महाराज गेले, गाद्या बदलल्या, पेशवाई आली आणि गेली, इंग्रजांचा अंमल बसला, तरी शिवराई बाजारात चालत राहिली. ठिकठिकाणच्या टांकसाळी, खाजगी परवानेदार, गावोगावचे कारागीर. त्यामुळे अक्षर प्रत्येकाचं निराळं. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’. एखाद्या नाण्यावर ‘श्री’चा रकार विसरलेला. पुढच्या काळातल्या काहींवर ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा, त्यांना दुदांडी म्हणायचं. बहुतेक शिवरायांवर साल नसतं. म्हणून काका भिंग देत आणि म्हणत, “हस्ताक्षर बघा.” इतिहासाच्या पुस्तकात ज्याला जागा नाही अशा एका ठसेकऱ्याचं हस्ताक्षर मी ओळखायला लागले, तो दिवस मला आजही लख्ख आठवतो.

एका गोष्टीने मला त्या वयात फार अस्वस्थ केलं. मराठ्यांचा रुपया चांदीचा, आणि त्यावर नाव मोगल बादशहाचं. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या, चांदवडी घ्या. लेख फारसी, बादशहा दिल्लीचा, आपलं काय तर टांकसाळीची छोटीशी खूण, अंकुश. ज्यांच्या फौजांचा दिल्लीवर वचक होता त्यांच्याच थैलीत हे! काकांनी कारण सांगितलं ते बाजाराचं होतं. चांदी लांब जाते. सुरतेच्या सराफाने, काशीच्या सावकाराने ती बट्टा न लावता घ्यायची तर त्यावर ओळखीचं नाव लागतं. तांबं मात्र गावातल्या गावात फिरतं. भाजीवालीकडून न्हाव्याकडे, न्हाव्याकडून देवळाच्या पेटीत. म्हणजे राजाचं नाव नागरी अक्षरांत खेळलं ते गरिबाच्या मुठीत. तेव्हापासून चांदीच्या रुपयांचा मोह माझ्या मनातून गेला. मी शिवरायाच घेत राहिले.

काकांच्या धंद्याबद्दल लोक काहीबाही बोलत. शंभरला घेतो आणि दीडशेला विकतो, हे ते स्वतःच सांगत. मधले पन्नास कशाचे, हे मला त्यांच्याकडे बसून कळलं. एखादं नाणं पाच पाच वर्षं ड्रॉवरमध्ये त्याच्या माणसाची वाट बघत पडून असे. विकताना ते चिठ्ठी देत: वजन, मोजमाप, दोन्ही बाजूंना काय वाचता येतं, दर, तारीख. शेवटी एकच ओळ, ‘परत आणल्यास घेऊ.’ ओतीव नकली नाणं कडेवरच्या बारीक शिवणीवरून आणि अंगावरच्या टाचणीएवढ्या छिद्रांवरून कसं ओळखायचं, हे त्यांनी मला शिकवलं. एकदा त्यांनीच विकलेलं एक नाणं पुढे नकली निघालं, तेव्हा त्यांनी मला स्वतःहून घरी निरोप पाठवून बोलावलं, पूर्ण पैसे मोजले आणि ते नाणं माझ्यासमोर ऐरणीवर ठेवून चेपून टाकलं. माझी नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत बघून त्यांनी ती सगळी काढायला लावली होती. त्या प्लॅस्टिकमधून आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवट चिकट थर धरतो. साध्या कागदाच्या पुड्या त्यांनीच करून दिल्या.

एका पावसाळ्यात मी बसले असताना एक शेतकरी आला. खताच्या पिशवीत मातीने एकमेकांना चिकटलेली नाणी, चांगली दोन ओंजळी भरतील इतकी. काकांच्या डोळ्यांत एक क्षण जे चमकलं ते मी पाहिलं. त्यांनी हात मात्र लावला नाही. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा 1878 सालचा, आणि तो अजून लागू आहे. काकांनी त्याला चहा पाजला, कागद घेऊन अर्ज लिहून दिला, “एकही वेगळं काढू नका,” असं तीनदा सांगितलं. तो गेल्यावर माझ्याकडे वळले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 साली चांदीची 13,000 हून जास्त नाणी एकत्र सापडली. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर. कुणी हरलं, कुणी जिंकलं, हे त्या ढिगाने सांगितलं. “ती नाणी त्या दिवशी माझ्यासारख्याने सुटी सुटी विकली असती,” काका म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत.

विकण्याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला एका तड्यामुळे.

ठसा घाव खाऊन खाऊन तडकतो, आणि मग तो तडा पुढच्या प्रत्येक नाण्यावर बारीक उंच रेघ होऊन उमटतो. माझ्या एका शिवराईवर ‘रा’च्या कान्यापासून ठिपक्यांपर्यंत अशी रेघ होती. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, शिवाय घाव उजवीकडे पडलेला. त्यामुळे उजवीकडची अक्षरं नाण्याबाहेरच राहिलेली. काकांच्या सुनेने, आता माडीवर तीच बसते, एका तरुण शिक्षकाची शिवराई दाखवली. तोच ‘रा’, तीच रेघ. फक्त घाव दुसऱ्या बाजूला सरकलेला. तिने दोन्ही शेजारी ठेवल्या. जे माझ्या नाण्यावर कापलं गेलं होतं ते त्याच्या नाण्यावर होतं. त्याचं हरवलेलं माझ्याकडे. त्या ठसेकऱ्याने कोरलेली पूर्ण ओळ बहुधा त्याच्यानंतर पहिल्यांदाच कुणी वाचत होतं. माझ्या अंगावर काटा आला. “बहिणी आहेत,” ती म्हणाली.

तो तरुण एकेका ठशाचं चित्र काढून वही भरत होता. आठवडाभर मला झोप लागली नाही. मग मी माझी शिवराई त्याला दिली, माडीवरूनच, रीतसर. सुनेने चिठ्ठी लिहिली. तिचा वाटा तिने घेतला, आणि तो मला जराही जास्त वाटला नाही. त्यानंतर दोन वर्षांत माझ्या आणखी चौदा शिवराया त्याच वाटेने गेल्या. प्रत्येकीबरोबर काकांच्या हातची मूळ चिठ्ठी दिली.

गेल्या वर्षी आजीची शिवराई घेऊन मी पुन्हा गेले. विकायला नाही, दाखवायला. तिच्यावर आता पुन्हा तपकिरी सावली धरली आहे. काका खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांना आता फारसं दिसत नाही. मी ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी अंगठा अक्षरांवर नेला, पण टेकवला नाही. कडेकडेने फिरवला, एकदा, दोनदा.

“चिंचेवाली,” ते म्हणाले. “धार गेलीये हिची.”

मग थोड्या वेळाने, “रंग आला का?”

“आलाय काका.”

“कसा?”

मला पटकन सांगता येईना. खाली आळीत हातोडी चालू होती. “फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी असते तशी,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि कडेने धरून ती परत केली.

घटस्थापनेला ती कलशात जाते. पूजा उतरली की मी तिला पुसत नाही. आजीच्या लाल फडक्यावर ठेवते, वर एक घडी टाकते, आणि पाणी आपसूक टिपलं जाईपर्यंत शेजारी बसून राहते.